काचेवर ब्लेड लावण्याआधी : खिडकी-सफाईचा स्क्रॅपर कोणता घ्यावा?

अर्जुनी मोरगावात घरांच्या खिडक्या बदलल्या. लाकडी पल्ल्यांच्या, गज लावलेल्या खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग आल्या. दुकानाला समोरून अख्खी काच, दवाखान्याला काचेचा दरवाजा, आणि नवेगावबांधच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्यांना तर भिंतीएवढी काच हवी असते. आपल्या घरांतली कित्येक पोरं रंगकाम, ॲल्युमिनियम सेक्शन, पीओपी अशा कामांत आहेत. काम संपलं की मालक सहज म्हणतो, "जाता जाता काचा पण साफ करून द्या ना." वरचे दोन पैसे मिळतात म्हणून पोरगा हो म्हणतो. आम्ही आज लिहितोय ते या "जाता जाता"बद्दल.

आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा. रंगकामात हात चांगला. एका नव्या दुकानाच्या काचांवर पुट्टीचे आणि डिस्टेंपरचे शिंतोडे उडाले होते. त्याने खिशातल्या कटरचं ब्लेड काढलं आणि तासाभरात सगळ्या काचा चकाचक केल्या. संध्याकाळी मालक खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपं आलं आणि काचेवर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या, एक-दोन नाही, शेकड्यांनी. दोन मोठ्या काचा बदलाव्या लागल्या आणि त्याची पूर्ण महिन्याची कमाई त्यात गेली. त्याच्या अब्बूंनी आम्हाला एकच विचारलं, "भाई, ब्लेड तर नवं होतं. मग पोरगं चुकलं कुठं?"

प्रश्न रास्त होता. आम्ही हे काम रोज करणाऱ्यांशी बोललो, थोडं वाचलं, आणि जे कळलं ते इथे मांडतोय.

काचेला चरे पडतात कशाने?

लोकांना वाटतं लोखंड काचेपेक्षा कडक, म्हणून चरा पडतो. तसं नाही. पदार्थाचा कडकपणा मोजायचं मोह्स नावाचं एक माप आहे, १ ते १० असं. त्यावर साधी काच साडेपाचच्या आसपास येते. ब्लेडचं पोलादही त्याच्याच आसपास, किंचित वर. धारदार, सपाट, स्वच्छ पातं ओल्या काचेवरून सरकलं तर साध्या काचेला सहसा काही होत नाही. पण रेती म्हणजे क्वार्ट्‌झ, आणि क्वार्ट्‌झ ७ वर आहे. रेतीचा एक कण पात्याखाली सापडला की तुम्ही ब्लेड नाही, रेती घासत असता. प्लास्टरच्या शिंतोड्यात रेती असते. बांधकामाच्या धुळीत असते. रस्त्यावरून उडून आलेल्या मातीतही असते.

आपल्या भागात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. हा धानाचा पट्टा, राइस मिल जवळपास असतेच. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये बॉयलरला धानाचं तूस जाळतात आणि त्याची काळी-करडी राख हवेने खिडक्यांवर येऊन बसते. बोटाने पुसली तर मऊ वाटते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण तुसाच्या राखेचा मोठा भाग सिलिका असतो, म्हणजे रेती ज्याची बनते तेच. मिलच्या वाऱ्याच्या दिशेला घर असेल तर काच आधी भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय तिला कोरडं फडकंसुद्धा लावू नये, पातं तर दूरच.

म्हणून स्क्रॅपर हे शेवटचं हत्यार आहे, पहिलं नाही. आधी पाणी, मग साबणाचं पाणी, मग मऊ स्पंज किंवा कापडी धुणी. एवढ्याने न निघालेल्या डागापुरतंच पातं. जुन्या माणसांकडून काम शिकलेले सफाईवाले हे नेहमी सांगतात, पण रोजच्या घाईत हीच पायरी आधी गळते.

इथे एक गोंधळही काढून टाकू. रबरी पट्टीचा वायपर, ज्याला या धंद्यात स्क्वीजी म्हणतात, तो वेगळा. एत्तोरे स्टेक्कोने नावाच्या इटालियन माणसाने अमेरिकेत ओकलंडला १९३६ साली हलका, एका रबराचा पितळी वायपर बनवला. आज सगळे वापरतात ते त्याच धाटणीचं. वायपर पाणी ओढतो. स्क्रॅपर डाग खरवडतो. दुकानदाराला नुसतं "काच साफ करायचं द्या" म्हटलं तर तो हातात काहीही देईल.

आधी काच ओळखा

त्या मुलाची खरी चूक इथे होती. आम्ही त्याला विचारलं, काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का होता का? तो म्हणाला, "हो चाचा, काहीतरी छापलेलं होतं. तेपण खरवडून पाहिलं, निघालं नाही." निघणारच नाही. तो टफन काचेचा शिक्का होता.

टफन काच म्हणजे साधी काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या जोरदार झोतांनी झटकन थंड केलेली. फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात, म्हणून दुकानांना, दरवाजांना ती बसवतात. भारतात अशा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे आणि बऱ्याचदा तो आकडा कोपऱ्यातल्या शिक्क्यात दिसतो. आता अडचण अशी की काच भट्टीत जाण्याआधी ती कापलेली, कडा घासलेल्या असतात. तो काचेचा चुरा नीट धुतला गेला नाही तर भट्टीच्या उष्णतेने पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. डोळ्यांना दिसत नाही. पण त्यावर पातं चालवलं की ते कण सुटतात, पात्याच्या पुढे घासत जातात आणि काचेनेच काचेला चरे पडतात. म्हणून ब्लेड नवं असलं तरी उपयोग झाला नाही.

अमेरिकेत यावरून काचवाले आणि सफाईवाले यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. सफाईवाले म्हणायचे, कारखान्यात काच नीट धुवा, मग आम्ही ब्लेड लावलं तरी काही होणार नाही. काचवाले म्हणायचे, धातूचं पातं काचेला लावूच नका. आम्हाला सफाईवाल्यांचं म्हणणं जास्त पटतं. पण अर्जुनीतल्या दुकानात उभं राहून कारखान्याशी वाद घालता येत नाही, भरपाई हातात ब्लेड असणाऱ्याकडूनच मागतात. आणि टफन काच नंतर कापता येत नाही. मापं पाठवून नवी बनवून आणावी लागते, वाहतूक आणि फिटिंग वेगळं.

शिक्का बीडिंगखाली झाकला गेला असेल तर एक सोपी युक्ती आहे. पोलराइज्ड गॉगल घालून काचेत आकाशाचं प्रतिबिंब तिरपं बघा. टफन काचेवर फिकट ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची जाळी दिसते, थंड करणाऱ्या हवेच्या झोतांची ती खूण. साध्या काचेत तसं काही दिसत नाही.

टफन काचेवर पातं लावायचंच झालं तर आधी मालकाला दाखवा, खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जागा ओली करा आणि पातं अगदी हलकं फिरवा. हाताला खरखर जाणवली किंवा किरकिर आवाज आला तर तिथेच थांबा. हा चुरा बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, त्यामुळे आतली बाजू साफ झाली म्हणून बाहेरची होईलच असं नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा.

दुसरी सांभाळायची काच म्हणजे रिफ्लेक्टिव्ह, आरशासारखी निळी-हिरवी दिसणारी. तिच्यावर पातळ लेप असतो. तो लेप बाहेरच्या बाजूला असेल तर स्क्रॅपर लावायचाच नाही, कारण खरवडला गेलेला लेप परत येत नाही. लेप कुठल्या बाजूला आहे हे बघायला काचेवर नख टेकवा. नख आणि प्रतिबिंबाचं नख एकमेकांना चिकटलेलं दिसलं तर लेप तुमच्या बाजूला आहे. मधे फट दिसली तर पलीकडे आहे. उन्हाची काळी फिल्म लावलेल्या बाजूलाही धातूचं पातं नको. जुनी फिल्म काढून टाकायची असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, तेव्हा साबणाच्या पाण्यात भिजवून स्क्रॅपरनेच गोंद निघतो. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दिसायला काचेसारखे, पण प्लास्टिक आहेत. बोटाने वाजवून पाहा, आवाज बोदा येतो. त्यांना फक्त मऊ कापड. नक्षीच्या, खडबडीत काचेवर स्क्रॅपरचा उपयोगच नाही, पातं उंचवट्यांवरूनच जाईल.

मशिदीच्या खिडक्यांचंही सांगायला हवं. रमजानच्या आधी चुना, रंग होतो आणि मोहल्ल्यातली पोरं हौसेने काचा घासायला बसतात. रंगीत काच असेल तर आधी बघा, रंग काचेच्या आत आहे की वरून चढवलेला. वरून चढवलेल्या रंगाच्या बाजूला ब्लेड लागलं तर नक्षी निघून हातात येईल. चुन्याचे ताजे थेंब तर ओल्या कपड्यानेच जातात, त्याच दिवशी पुसले तर.

मग घ्यायचा कुठला?

खिशातलं कटर नको. त्याच्या पात्यावर तोडण्यासाठी आडव्या खाचा असतात, टोक अणकुचीदार असतं, आणि हात जरा तिरका झाला की ते टोकच काचेत रुततं. दाढीचं अर्धं ब्लेड बोटात धरून खरवडणं तर त्याहून वाईट, ते वाकतं, तुटतं आणि बोट कापतं. पुट्टीची पट्टी काचेसाठी धारदार नसते आणि तिच्या कडेला वाळलेली पुट्टी असते, म्हणजे परत रेतीसारखंच काहीतरी. फरशीवरचा गोंद काढायचा लांब दांड्याचा जाड पात्याचा स्क्रॅपरही मिळतो. तो फरशीचा आहे, काचेचा नाही.

काचेसाठीचे स्क्रॅपर साधारण तीन मापांत येतात. दीड इंची छोटा, ज्यात एका बाजूला धार असलेलं जाड पाठीचं ब्लेड बसतं, तो स्टिकर, टेपचा गोंद, कोपरे, बीडिंगच्या कडा यांसाठी. चार इंची मुख्य हत्यार. सहा इंची मोठ्या, साध्या, सपाट काचांसाठी, जिथे भराभर काम उरकायचं असतं. सुरुवात करणाऱ्याने चार इंची घ्यावा आणि सोबत एक दीड इंची खिशात ठेवावा. सहा इंचीची घाई नको. पातं जेवढं रुंद तेवढा त्याच्याखाली कण सापडायचा संभव जास्त, आणि एक कण सापडला तरी चरा पूर्ण फटकाऱ्याएवढा लांब जातो. स्लायडिंगच्या अरुंद पल्ल्यात सहा इंची नीट वळतही नाही.

दुकानात हातात घेतल्यावर पहिली गोष्ट बघायची ती पात्याची पकड. पातं लावून अंगठ्याने पाठीवर हलकं दाबून पाहा. किंचितही हललं तर तो स्क्रॅपर परत द्या, कितीही स्वस्त असला तरी. हलणारं पातं काचेवर एका कोपऱ्यावर उभं राहतं आणि तो कोपरा चरा काढतो. मूठ रबरी असावी, कारण हात दिवसभर साबणाच्या पाण्यात असतो. पात्यावर झाकण हवं किंवा पातं आत सरकवता यावं. शिडीवर चढताना उघडं ब्लेड खिशात ठेवणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, त्यांना अल्लाहच वाचवतो.

दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते मुठीपेक्षा महत्त्वाची : त्याच मापाची सुटी पाती मिळतात का? उंगर, एत्तोरे अशा बाहेरच्या कंपन्यांची हत्यारं उत्तम असतात, पण त्यांची पाती संपली आणि पार्सल यायला आठवडा लागला तर पोरगा तेच जुनं पातं ओढत राहणार. त्यापेक्षा साधा, पण पाती नागपूर-गोंदियाला सहज मिळणारा स्क्रॅपर चांगला. घेताना पात्यांची दोन पाकिटं सोबतच घ्या.

पात्याच्या पोलादात दोन प्रकार. कार्बन स्टीलचं पातं जास्त तीक्ष्ण असतं, वाळलेला रंग त्याने भराभर सुटतो, पण ते गंजतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या हवेत तर एका रात्रीत. गंज डोळ्यांना दिसायच्या आधीच धारेवर बारीक खड्डे पडलेले असतात आणि ते खड्डे काचेवर रेषा काढतात. स्टेनलेसचं पातं किंचित कमी तीक्ष्ण, पण पाण्यात टिकतं. आमचं मत : रोज काम असेल आणि पातं रोज बदलायची तयारी असेल तर कार्बन घ्या. आठवड्यातून एखादं काम असेल तर स्टेनलेस, आणि कामानंतर पुसून, कोरडं करून ठेवा. "अजून चालेल की" म्हणत पातं वाचवू नका. पात्याची आणि काचेची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहिली की हिशोब कळतो. काही पात्यांना दोन्ही बाजूंनी धार असते. ती उलटी करून वापरता येतात, पण कुठली बाजू वापरून झाली हे लक्षात ठेवायला मार्करने खूण करा.

प्लास्टिकचं पातंही मिळतं. वाळलेल्या ऑइल पेंटवर ते हरतं, पण स्टिकर, गोंद, पक्ष्यांची विष्ठा, भिंगोट्यांची मातीची घरटी भिजवून काढायला पुरतं. लेपाच्या किंवा टफन काचेवर पहिला प्रयत्न त्यानेच करावा.

हात कसा चालवायचा

काच पूर्ण ओली हवी. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब पुरतात, फेसाचा डोंगर नको. साबण इथे मळासाठी कमी आणि घसरण्यासाठी जास्त असतो. पातं काचेला साधारण ३० अंशांत टेकवायचं, म्हणजे जवळपास झोपवूनच. उभं धरलं की ते रुततं.

आणि फक्त पुढे ढकलायचं. मागे ओढायचं नाही. पुढे जाताना सुटलेला कचरा धारेच्या पुढे असतो, मागे ओढलं की तोच कचरा पात्याखाली येतो. म्हणून एक फटकारा पुढे, पातं उचला, परत जागेवर आणून दुसरा. बघायला सोपं, पण सवय लागायला वेळ लागतो, कारण रंगकाम करणाऱ्याच्या हाताला पुढे-मागे घासायची सवय असते. तीन-चार फटकाऱ्यांनंतर पातं ओल्या कपड्याने धारेच्या उलट्या बाजूने पुसा. पाणी सुकलं तर थांबून परत ओलं करा. उन्हात तापलेल्या काचेवर तर हे काम करूच नका, साबण मिनिटात सुकतो. सकाळी सावलीची बाजू घ्या.

काही डाग स्क्रॅपरचे नसतातच. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके पात्याने जात नाहीत. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी लावून थोडा वेळ ठेवलं तर ताजे ठिपके निघतात. सिमेंटचं ओलं पाणी काचेवर बरेच दिवस राहिलं तर ते काचच खातं आणि मग तो धुरकटपणा कशानेच जात नाही. प्लास्टर सुरू करायच्या आधी काचांवर प्लास्टिक चिकटवलं तर हे सगळं वाचतं, हे मालकाला पोरांनीच सुचवावं. संडास-बाथरूमचं ॲसिड मात्र खिडकीला नको. त्यात हायड्रोक्लोरिक असतं, ते ॲल्युमिनियमची चौकट काळवंडवतं. हायड्रोफ्लोरिक असलेले क्लीनर तर काच कोरतात आणि अंगावर उडाले तर जिवावर बेततं, त्यांना हातच लावू नका.

काम घेताना दोन गोष्टी

सुरू करायच्या आधी मालकाला सोबत घेऊन काचा तिरप्या उजेडात बघा आणि आधीचे चरे मोबाइलवर टिपून त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. टफन किंवा लेपाची काच असेल तर एक ओळ लिहा : "या काचेवर धातूचं पातं लावल्यास चरे पडण्याची शक्यता आहे, तुमच्या संमतीने लावत आहोत." मालक रागावेल असं वाटतं. उलट त्याचा भरवसा वाढतो, कारण या पोराला काम कळतं हे त्याला दिसतं. आणि दर सांगताना नुसत्या धुण्याचा वेगळा, रंगाचे शिंतोडे काढण्याचा वेगळा सांगा. पात्यांचा खर्च त्यातच धरा, नाहीतर पातं बदलताना जीव तुटतो आणि जुनंच चालवलं जातं.

त्या मुलाने आता चार इंची स्क्रॅपर घेतलाय. परवा एका घरी टफनचा शिक्का दिसल्यावर त्याने ब्लेड पिशवीतच ठेवलं, शिंतोडे अर्धा तास ओल्या फडक्याखाली भिजवले आणि प्लास्टिकच्या पात्याने काढले. दोन तास जास्त लागले. अब्बू फोनवर म्हणाले, "वेळ गेला, पण काच राहिली."

वापरलेली पाती कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, सफाई कामगाराचा हात त्यातच जातो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात टाकत जा. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून भंगारवाल्याला "आत ब्लेडं आहेत" असं सांगून द्या.